शेपटासाठी नळी निवडताना

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. ही म्हण करणाऱ्याने शेपटाबद्दल जे सांगायचं ते सांगितलं, नळीबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. तुम्ही घरी पिल्लू आणायचं पक्कं केलं असेल तर अभिनंदन. ती नळी तुम्ही.

खालचा सगळा सल्ला अनुभवाचा आहे. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट आमच्या घरात मनापासून केली गेली, आणि आमचा बाब्या आज जो काही आहे तो त्यामुळेच आहे.

पिल्लू शक्य तितकं लहान आणावं. जाणकार म्हणतात, निदान ८ आठवडे तरी आईजवळ राहू द्या. त्यांचं काय जातंय म्हणायला! पाच आठवड्यांचं पिल्लू तळहातावर मावतं, आठ आठवड्यांचं मावत नाही, आणि फोटो तळहातावरचाच चांगला येतो. उरलेल्या तीन आठवड्यांत ते भावंडांशी कुस्त्या खेळता खेळता एवढंच शिकणार असतं, की जोरात चावलं तर समोरचा किंचाळतो आणि खेळ मोडतो. हा धडा तुमच्या पोटरीवरही गिरवता येईल.

शिवाय पहिल्यांदा जाल तेव्हा ‘नुसतं बघायला’ जा. नुसतं बघायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. २०१९ साली संशोधकांनी लांडग्यांच्या आणि कुत्र्यांच्या चेहऱ्याचे स्नायू ताडून पाहिले. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरची भुवई वर उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला ठसठशीत निघाला, लांडग्यांमध्ये नसल्यातच जमा. म्हणजे माणसाच्या सहवासात हजारो वर्षं काढून या प्राण्याने काय कमावलं, तर भुवई. त्या भुवईपुढे तुमची पगारपत्रकं, सोफ्याचे हप्ते, ‘आपण दोघंही दिवसभर बाहेर असतो’ वगैरे मुद्दे किती टिकतात ते बघा.

घरी आणल्यावर नाव ठेवा आणि लगेच विसरा. बाब्याला आमच्याकडे बाबू, बबड्या, सोन्या, गधड्या आणि ‘ए’ अशी पाच नावं पहिल्या आठवड्यातच पडली. आज्ञांचंही तेच. तो सोफ्यावर चढला की मी ‘उतर’ म्हणते, नवरा ‘डाउन’ म्हणतो, मुलगी ‘नो नो नो’ म्हणते आणि सासरे म्हणतात, ‘असू दे गं, बसलाय बिचारा.’ या चारांपैकी चौथी आज्ञा त्याला पहिल्याच दिवशी समजली.

‘बस’ शिकवताना एकदा म्हणून गप्प राहण्याची चूक करू नका. त्याला विचार करायला दोन सेकंद मिळतील आणि कदाचित ते बसेलही. आम्ही म्हणायचो, ‘बस. बस, बस. बस रे. अरे बस ना. बस बाबा!’ बाब्या शेवटच्या शब्दाला टेकायचा आणि आम्ही खाऊ द्यायचो. महिनाभराने ध्यानात आलं की त्याच्या लेखी ती सगळी मिळून एकच आज्ञा आहे, आणि ती पुरती म्हणून होण्याआधी मधेच बसणं त्याला उद्धटपणाचं वाटतं.

आता मुख्य विषयाकडे वळू. शू.

ढोबळ हिशेब असा: पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, फार तर तेवढे तास ते कळ धरू शकतं. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास, तेही गपचूप पडून असेल तर. झोपून उठलं की लागते, खाल्ल्यावर थोड्या वेळाने लागते, खेळून दमलं की लागते, आणि ऐन खेळातही लागते. हा हिशेब पाठ करा, पाहुण्यांना सांगा, आणि स्वतः विसरून जा. आत उरकून झाल्यावर त्याला धावत बाहेर नेण्यात जी घरगुती धांदल आहे ती हिशेबात नाही.

बाहेर नेल्यावरचं तंत्र मात्र नीट समजून घ्या, कारण आम्हाला ते फार चांगलं जमलं होतं. पहाटे साडेचारला तुम्ही चपला उलट्या घालून उभे असता. पिल्लू एक वाळकं पान हुंगतं. तेच पान दुसऱ्या बाजूने हुंगतं. मग पान तोंडात घेतं, तुम्ही ते काढता, ते पुन्हा घेतं. मग एका मुंगीमागे चार पावलं जातं, मुंगी हरवल्यावर खाली बसतं आणि तुमच्याकडे बघतं, जणू तुम्हीच काहीतरी करणार होता. वीस मिनिटांनी कधीतरी ते उरकतं. त्याच क्षणी, कौतुकाचा शब्द न काढता, पट्टा ओढून त्याला आत आणा. दोनच दिवसांत त्याला कळतं की शू झाली की फेरी संपली. तिसऱ्या दिवसापासून ते बाहेर दात-ओठ खाऊन धरून ठेवतं आणि उंबरठा ओलांडला की गालिच्याच्या ठरलेल्या कोपऱ्यावर मोकळं होतं. याला आम्ही कित्येक दिवस हट्टीपणा म्हणत होतो. हीच अक्कल मुलीने दाखवली असती तर चारचौघांत सांगत फिरलो असतो.

तो कोपरा पुसायला उग्र वासाचं, अमोनियावालं काहीतरी वापरा. मुतालाही त्याच जातीचा वास असतो, त्यामुळे जागा चुकायची भीती राहत नाही. एन्झाइम असलेलं द्रावण मिळतं, पण ते वास मुळापासून मोडतं. मग पिल्लाने उद्या जागा शोधत कुठे वणवण करायची?

आणि रागवायला विसरू नका. पण वेळेवर नको. डबकं सकाळी झालं असेल तर संध्याकाळी कामावरून आल्यावर, त्याचं नाक तिकडे वळवून, सविस्तर बोला. वरातीमागून घोडं नेण्यासाठी याहून चांगली वरात नाही. पिल्लू कान पाडेल, नजर चुकवेल, शेपूट पोटाखाली घेईल, आणि तुम्ही म्हणाल, ‘बघा, त्याला सगळं कळतं!’ अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली १४ कुत्र्यांवर हीच गंमत करून पाहिली. खाऊ समोर ठेवायचा, ‘खायचं नाही’ असं बजावून मालकाने खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर, कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही, हे मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. अपराधी चेहरा दिसला तो बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचा, मग खाऊ खाल्लेला असो वा नसो. उलट खाऊला तोंडही न लावता ज्यांनी बोलणी खाल्ली त्यांचेच चेहरे जास्त पडलेले. चोर सोडून संन्याशाला फाशी आपल्याला ठाऊक होती. इथे संन्यासी माफीही मागत होता.

मी बाब्याला एकदा पलंगाजवळच्या ओल्यासाठी असाच झापला होता. पाण्याची बाटली कलंडली होती, हे नंतर दिसलं. तोवर त्याने माझा हात चाटून प्रकरण मिटवलं होतं.

चावण्याबद्दल फार लिहीत नाही, लिहायला बोटं शाबूत हवीत. दुधाचे दात २८ असतात, एकेक सुईसारखा. ते पडून पुढच्या काही महिन्यांत ४२ पक्के येतात, आणि मधल्या काळात हिरड्या शिवशिवत असतात म्हणून जग चावण्यासाठीच आहे असं पिल्लाचं मत होतं. तुम्ही त्यात एवढीच भर घाला: लहान आहे तोवर हात पुढे करून त्याला बोटांवर झडप घालायला शिकवा आणि हसा. मोठं झाल्यावर त्याच खेळाला ‘हल्ला’ म्हणा. चघळायला जुना बूट द्या. कोणता बूट निवृत्त झाला आणि कोणता कालच आणला, हे चामड्याच्या वासावरून त्याला समजायला हवं. नाही समजलं तर तो त्याचा दोष.

झोपेचं म्हणाल, तर पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं. झोपू द्यायचं नाही. येणाऱ्या प्रत्येकाला ते जागं बघायचं असतं, म्हणून उठवा, उचला, या मांडीवरून त्या मांडीवर फिरवा. संध्याकाळी ते अंगात आल्यासारखं सोफ्याभोवती गरगर पळेल, पडदा धरेल, दिसेल त्याचा चावा घेईल. तेव्हा ‘याची ताकद जिरलीच नाही’ असं म्हणत आणखी तासभर खेळवा. पेंगुळलेलं मूल किरकिरतं हे ज्यांनी दोन-दोन मुलं वाढवून शिकलेलं असतं, त्यांनाही पिल्लाच्या बाबतीत हे सुचत नाही, आम्हाला सुचलं नव्हतं. आणि रात्रीची जागा? आमच्याकडे एकमताने ठरलं होतं की तो बैठकीच्या खोलीतच झोपेल. पहिल्या रात्री तो तिथे रडला. दुसऱ्या रात्री त्याच्याशेजारी सतरंजी टाकून नवरा झोपला. तिसऱ्या रात्री दोघंही पलंगावर होते आणि मी कडेला.

एक गोष्ट मात्र उपरोध बाजूला ठेवून सांगते. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल, हे पिल्लाच्या पोटात जाऊ देऊ नका. ‘एवढ्याशाने काय होतंय’ इथे चालत नाही. गेलंच, तर वाट न बघता डॉक्टरांकडे पळा. जंताचं औषध आणि लशी तारखेवर. आणि लशी पुऱ्या होईपर्यंत त्याला खोलीत कोंडूनही ठेवू नका, कारण जगाची भीती मोडण्याचा खरा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यातला, आणि तो लशीसाठी थांबत नाही. अनोळखी कुत्र्यांपासून आणि त्यांच्या हगण्या-मुतण्याच्या जागांपासून लांब, कडेवर घेऊन गाड्या, छत्र्या, दाढीवाले, लहान मुलं सगळं दाखवा. आमच्याकडून छत्री दाखवायची राहून गेली. आता आम्ही पावसात भिजतो.

बरं, हे सगळं करूनही पंधराव्या-विसाव्या दिवशी तुम्ही न्हाणीघराचं दार लावून रडाल. नव्याचे नऊ दिवस संपलेले असतात आणि कुत्र्याची सरासरी बारा-तेरा वर्षं समोर उभी असतात. तेव्हा कुणालाही सांगू नका. घरोघरी सगळे सुखात आहेत, फक्त आपणच नालायक, असं धरून चाला. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ साली या अवस्थेसाठी चक्क एक मोजपट्टी प्रसिद्ध केली, वैताग, काळजी आणि थकवा अशा तीन खणांची. म्हणजे दार लावून रडणारे मोजण्याइतके निघाले. पण हे वाचून बरं वाटेल, म्हणून वाचू नका.

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली खाणकामगारांना एक पुरुष, एक बाई आणि एक कुत्रा यांचं सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं दफन सापडलं. कुत्रा कसला, जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून पुढे संशोधकांनी निष्कर्ष काढला की त्याला बहुधा डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा एक जीवघेणा साथीचा आजार, झाला होता, एकदा नाही, आजार काही आठवडे उलटत राहिला, आणि कुणी उशापायथ्याशी बसून केल्याशिवाय ते इतके दिवस जगणं शक्य नव्हतं. डिस्टेंपरमध्ये उलट्या होतात, जुलाब होतात. ते पिल्लू शिकारीच्या उपयोगाचं नव्हतं, राखणीच्याही नव्हतं. तरी १४,००० वर्षांपूर्वी कुणीतरी रात्री उठून ते सगळं पुसत होतं, तेही एन्झाइमशिवाय. त्यालाही बहुधा घरातल्यांनी सांगितलं असेल की आणायचं तर आणा, पण करणार तुम्ही.

पहिले सहा महिने पार पडले की बाब्या ‘बस’ला बसू लागला. आम्ही निर्धास्त झालो. मग आठवा महिना लागला. २०२० साली छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की आठ महिन्यांच्या सुमाराला कुत्री वयात येताना घरच्या माणसाचं ऐकत नाहीत, परक्याचं मात्र ऐकतात. परवा गॅसवाला आला. बाब्या त्याच्यावर उड्या मारत होता आणि आम्ही चौघं आपापल्या भाषेत ओरडत होतो. त्याने सिलिंडर खाली ठेवला आणि शांतपणे एकदाच म्हटलं, ‘बस.’ बाब्या बसला. माझ्याकडे वळून भुवईही उचलली.

तुम्हालाही पुढे कुणीतरी विचारेलच, पिल्लू आणावं का. तुम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणाल, ‘आणा की, घर भरून जातं!’ आणि फोनमधले फोटो दाखवाल. सगळे फोटो झोपलेल्या पिल्लाचे असतील. जागेपणीचे निघाले नाहीत, कारण तेव्हा फोन त्याच्या तोंडात होता.