दोन जुने कागद जोडले म्हणजे हत्यार तयार होत नाही

असमान अंतरावर दात आणि प्रत्येक दाताचा हेलिक्स अँगल (दात दांड्याभोवती किती तिरका वळतो तो कोन) वेगळा, अशा एंड मिलचा (धातू कापणाऱ्या, फिरत्या दातेरी हत्याराचा) पेटंट अर्ज परीक्षकाने दोन जुनी पेटंटं जोडून 'उघड आहे', म्हणजे जाणकाराला सहज सुचलं असतं, म्हणत फेटाळला, हे एका लेखात वाचलं. अर्धं मला पटलं. रीमरला (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराला) असमान अंतरावर दात देऊन चॅटर, म्हणजे कापतानाची थरथर, मोडायची युक्ती फार जुनी आहे, तेवढ्यावर कुणी हक्क सांगू नये.

पण हेलिक्सही बदलला की गोष्ट वेगळी होते. टोकाशी ठरवलेलं अंतर वर जाताना बदलत जातं. एखाद्या उंचीवर दात पुन्हा समान अंतरावर येतात, आणि नेमका तिथेच कट असेल तर थरथर परत सुरू! शिवाय एक फ्लूट (दोन दातांमधली खाच) वर अरुंद होतो, चिप (कापलेल्या धातूचा तुकडा) अडकते. मिलिंगवर काम करताना असा तुंबलेला फ्लूट मी हातात धरून पाहिलाय.

पेटंटमध्ये 'उघड' काय, यावरच्या केएसआर खटल्यात (२००७) अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने, ज्याच्या नजरेतून हे ठरवतात त्या सामान्य कारागिराला यंत्रमानव समजू नका म्हटलं, ते योग्यच. पण त्याच निकालात, घटक जोडण्याचं कारण दाखवा आणि मागाहून सुचलेल्या शहाणपणापासून सावध राहा, हेही आहे. इथे ते कारण परीक्षकाने कुठे दिलंय?