इतिहास काय म्हणेल? थांबताय कशाला, आत्ताच ठरवून टाका!

ट्रम्पसाहेबांचा इतिहासात कितवा नंबर लागणार हे तुम्हाला ठरवायचं असेल तर पहिलं म्हणजे त्यांची टर्म संपायची वाट बघू नका. वाट बघणं हे खातं आपल्या बेळगावकरांचं आहे, सीमाप्रश्न सुटायची १९५६ पासून बघतोय, १९६७ ला महाजन आयोगाचा रिपोर्ट आला तरी बघतोय, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात पडलाय तरी बघतोय, या विषयातली पीएचडी आपल्या घराघरात आहे. अमेरिकेच्या अध्यक्षाला एका टर्मला चारच वर्षं मिळतात ओ, त्याला कुठं परवडतंय एवढं. त्याचा निकाल तुम्हीच लावायचा, आणि तोही हातातला चहा गार व्हायच्या आत.

निकाल देताना "मला वाटतं" असं चुकूनसुद्धा म्हणायचं नाही. "इतिहास त्यांना माफ करणार नाही" म्हणा, नाहीतर "इतिहासाला दखल घ्यावीच लागेल" म्हणा, तुम्ही कुठल्या पार्टीत बसलाय त्यावर. स्वतःचं मत सांगितलं की समोरचा लगेच तुझा काय संबंध म्हणून अंगावर येतो, खरं इतिहासाचं नाव घेतलं की गप्प बसतोय, कारण इतिहासाला फोन लावून खात्री करता येत नाही.

मग पुरावे. तुम्ही ट्रम्पवाले असाल तर जुना अध्यक्ष ट्रुमनचं नाव पाठ करा. १९५२ ला गॅलप संस्थेच्या जनमत चाचणीत या माणसाच्या बाजूनं फक्त २२ टक्के लोक होते, आणि आजचे इतिहासकार त्याला पहिल्या दहात बसवतात. झालं काम, ज्याला आज शिव्या पडतात तो उद्याचा महापुरुष. विरोधात असाल तर अध्यक्ष हार्डिंग घ्या. १९२३ ला पदावर असतानाच वारला, ट्रेननं पार्थिव नेताना लोक रुळांच्या कडेला उभं राहून रडले, आणि नंतर तेलाच्या जमिनींचा घोटाळा असा काय बाहेर पडला की त्याच्या मंत्रिमंडळातला एक माजी मंत्री जेलमध्ये गेला आणि हार्डिंग इतिहासकारांच्या लिस्टमध्ये तळाला. मात्र ही दोन्ही नावं एकाच दिवशी घेऊ नका, लोक विचार करायला लागतात.

अध्यक्ष ग्रँटचं तर नावच काढू नका. सी-स्पॅन चॅनेलनं इतिहासकारांना विचारून २००० ला लिस्ट काढली त्यात तो ३३ वा होता, २०२१ च्या लिस्टमध्ये २० वा. माणूस १८८५ ला वारलाय, आणि २१ वर्षांत काहीही न करता १३ पायऱ्या वर. आपल्याकडं सरकारी नोकरीत जिवंत माणसाला एवढी प्रमोशनं मिळत नाहीत! म्हणजे इतिहास स्वतःच दर थोड्या वर्षांनी मत बदलायलाय, आणि आपण त्याच्या नावावर शपथा खायलोय. (२०२१ च्या त्याच लिस्टमध्ये ट्रम्प ४४ पैकी ४१ वे होते. तुम्ही त्यांचे असाल तर प्रोफेसर लोक सगळे तसलेच असतात म्हणून विषय संपवा.)

इतिहासावर विसंबायचं नसेल तर दुसरा रस्ता, आपली व्यवस्था आपणच करून ठेवायची. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टनं पदावर असतानाच, १९४१ ला, स्वतःच्या कागदपत्रांची लायब्ररी उघडून घेतली. ट्रम्पसाहेबांनी तर दुसऱ्यांदा शपथ घेतली त्याच दिवशी मेक्सिकोच्या आखाताचं आणि अलास्कातल्या डोंगराचं नाव बदलायची ऑर्डर काढली. नाव बदलण्याबद्दल आपण काय बोलणार, १ नोव्हेंबर २०१४ पासून आपल्या गावाचं नाव बोर्डावर बेळगावी आहे आणि तोंडात बेळगाव. आणि अनावरणाचं म्हणाल तर अमेरिकेनं आपल्याकडं येऊन शिकावं. २०२३ ला इलेक्शनच्या तोंडावर बेळगावजवळच्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण चार दिवसांत दोनदा झालं, एकदा सत्तेतल्यांनी केलं आणि मग विरोधकांनी केलं, महाराज बिचारे तेच होते.

आता एक जपायची गोष्ट, जुने मेसेज डिलीट करायला शिका. मनमोहन सिंग जानेवारी २०१४ मध्ये बोलले होते की आजच्या मीडियापेक्षा इतिहास माझ्याशी जास्त दयेनं वागेल, तेव्हा लोक किती हसले होते आठवतंय? २६ डिसेंबर २०२४ ला ते गेले, आणि त्यांची पार्टी त्या दिवशी आपल्याच बेळगावात जमलेली, १९२४ च्या गांधीजींच्या अधिवेशनाला शंभर वर्षं झाली म्हणून. दुसऱ्या दिवशीची सभा रद्द झाली. त्या रात्री ज्यांच्या ज्यांच्या स्टेटसला मनमोहन सिंगांचा फोटो लागला त्यातले बरेच जण २०१४ ला काय बोलत होते ते आम्हाला पाठ आहे. इतिहासाला दया यायला दहा-अकरा वर्षं लागली, या लोकांना एक रात्र पुरली.

आणि उद्यमबागेतल्या, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या भागातल्या, फौंड्रीवाल्याला कट्ट्यावर अजिबात बसवून घेऊ नका. शपथविधीच्या भाषणात ट्रम्पसाहेब बोलले की शांतता आणणारा आणि लोकांना जोडणारा हाच माझा सगळ्यात अभिमानाचा वारसा असेल, ते जानेवारी २०२५. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताच्या मालावर अमेरिकेचं टॅरिफ, म्हणजे आयात कर, ५० टक्के झालं. आता त्या फौंड्रीवाल्याला सांगून बघा, काका, याचा निकाल इतिहास लावेल. तो विचारणार, कधी लावेल ओ? बँकेचा हप्ता दहा तारखेला आहे. असली माणसं चांगला चाललेला विषय वर्तमानात आणतात. त्यांना कळत नाही की "इतिहास ठरवेल" म्हणणारा नेता निकाल मागतच नसतो, तो वकिलासारखी पुढची तारीख मागत असतोय, आणि ती अशी लांबची की त्या दिवशी ना आरोपी हजर असणार, ना साक्षीदार, ना हप्ता थकलेला माणूस. अमेरिकेचा जुना अध्यक्ष बुकॅनन बघा की. इतिहास मला निर्दोष सोडेल अशी त्याला शेवटपर्यंत खात्री होती, १८६८ ला वारला, अजून लिस्टच्या तळातच आहे, खरं त्याला कुणी जाऊन सांगायचं?

तरीपण मित्राशी पैज लावायचीच असेल तर किलोभर कुंद्याची लावा. निकाल २०७५ च्या आसपास लागेल असं धरा, तोवर दोघांनाही शुगर झालेली असणार, म्हणून कुंदा आजच आणून अर्धा अर्धा खाऊन टाका आणि हरेल त्यानं पैसे द्यायचे असं ठरवा. सध्यापुरतं बिल मित्राला भरायला लावा.