कॉम्प्युटर बिघडलाय? मग वायर सोडून बाकी सगळं तपासा

घरचा कॉम्प्युटर म्हटलं की तो बिघडणार, त्यात नवल काय. माउस हलत नाही, प्रिंटर ढिम्म बसलाय, स्क्रीन काळीठिक्कर, हार्ड डिस्क लावली की नुसती टिक टिक आणि पुढे काही नाही. अशा वेळी काही उतावळे लोक सरळ टेबलामागे वाकतात, वायर नीट बसलीय का बघतात, पाच मिनिटांत प्रॉब्लेम सोडवतात आणि मग त्यांच्याकडे चार लोकांत सांगायला काहीच उरत नाही. तुम्हाला असं व्हायचं नसेल, अख्खा सुट्टीचा दिवस ह्या कामी लागावा अशी मनापासून इच्छा असेल, तर पुढचं नीट वाचा.

पहिलं म्हणजे वाकायचं नाही. टेबलामागे धूळ आहे, वायरींचा गुंता आहे आणि बहुतेक वेळा तुमचं उत्तरही तिथेच आहे, म्हणून तर जायचं नाही. एक्स्टेंशन बोर्डाचं बटण बंद असेल, सीपीयूच्या मागे पॉवर सप्लायला एक छोटं बटण असतं ते झाडताना दाबलं गेलं असेल, असल्या फालतू शंका मनात आणू नका. कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणजे मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी) उडाला, हे आधी ठरवा आणि लगेच घरात सगळ्यांना सांगून टाका, म्हणजे नंतर माघार घ्यायची सोयच राहत नाही.

मॉनिटरवर 'नो सिग्नल' येतंय? तो बिचारा खरं तर फार प्रामाणिकपणे सांगतोय की मला वीज मिळतेय, मी ठीक आहे, फक्त पलीकडून चित्र येत नाहीये, तेव्हा माझा इनपुट चुकून दुसऱ्या एचडीएमआयवर गेलाय का आणि वायर ढिली झालीय का तेवढं बघा. पण त्याचं कोण ऐकतं, तुम्ही नवीन मॉनिटर बघायला लागा. आणि हौसेनं ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर मॉनिटरची वायर त्या कार्डात चुकूनही लावू नका हां, मदरबोर्डवर जो एचडीएमआय पोर्ट आहे तिथेच राहू द्या. मग एक तर स्क्रीन येतच नाही, नाहीतर येते पण सगळे गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर रखडत चालतात आणि ते महागाचं कार्ड नुसतं बसून राहतं. तुम्ही मात्र सगळीकडे सांगत सुटा की हल्लीच्या कार्डात काही दम नाही. (१४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर आणून सेटिंगमध्ये ६० वरच ठेवणाऱ्यांना मी काही शिकवावं अशी माझी पात्रता नाही, ते आधीच पोचलेले आहेत.)

एरर मेसेज वाचणं तर कमीपणाचंच. खिडकी उघडली की ती काय म्हणतेय हे कळायच्या आत ओके दाबायचं, आणि मग भाच्याला फोन लावायचा.

"मामा, एरर काय आली?"

"काहीतरी इंग्लिशमधे होतं."

"कोड होता का काही? कोड १०, कोड ४३, असलं काही?"

"होता बहुतेक. मी ओके केलं."

"बरं, परत वायर काढून लाव, परत येईल ती. आली की फोटो पाठव."

"अरे फोटो काय फोटो, तू एवढा शिकलास ना, सांग की काय झालं असेल!"

आता कोड ४३ चा अर्थ विंडोज सांगतंय की ह्या वस्तूनेच माझ्याकडे स्वतःबद्दल तक्रार केली म्हणून मी तिला थांबवलं. म्हणजे ती वस्तू दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितली की दोन मिनिटांत कळेल दोष वस्तूत आहे का आपल्या कॉम्प्युटरमधे. पण दोन मिनिटांत कळून करायचं काय, संध्याकाळ तशीच मोकळी राहील ना.

आता मुख्य मंत्र. एका वेळी एकच गोष्ट बदलायची नाही. हे जे शांतपणे आधी वायर बदलून बघतात, मग पोर्ट बदलून बघतात, मग ड्रायव्हरकडे, म्हणजे ती वस्तू विंडोजला चालवता यावी म्हणून लागणाऱ्या प्रोग्रॅमकडे, वळतात, त्यांच्यापासून लांब राहा. तुम्ही एकदमच ड्रायव्हर काढा, वायर बदला, पोर्ट बदला, अँटीव्हायरस बंद करा, विंडोजचं अपडेट लावा आणि कुठल्याशा साइटवर सापडलेला 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमधे' वाला प्रोग्रॅमही टाका. ह्यात फायदाच फायदा, कारण चालू झालं तर कशामुळे झालं हे कधीच कळणार नाही आणि नाही झालं तर मूळचा बिघाड कुठला आणि आपण आत्ता नव्याने केलेला कुठला हे तर ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

यूएसबीकडे वळू, कारण इथे वाव फार आहे. १९९६ साली पहिलं यूएसबी आलं ते सगळ्या वायरींची कटकट संपवायला, एका कंट्रोलरला १२७ पर्यंत वस्तू जोडता येतील असा हिशोब होता. तो प्लग पहिल्यांदा कधीच सरळ लागत नाही ह्याबद्दल इंटेलमधे यूएसबीवर काम केलेल्या अजय भट्टांनी नंतर सांगितलंय की दोन्ही बाजूंनी लागणारा केला असता तर वायरी आणि सर्किट दुप्पट लागले असते आणि खर्च वाढला असता. म्हणजे त्यांचा खर्च वाचला, आपल्या बोटांचा वाढला. तर ते १२७ लक्षात ठेवा आणि बाकीचं विसरा. विशेषतः हे विसरा की यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३ चा ९००, आणि बिनवीजेचा हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा, स्वतःची वीज नसलेला डबा) लावला की तेवढंच सगळ्यांत वाटून जातं. एकाच हबवर पोर्टेबल हार्ड डिस्क, वेबकॅम, कीबोर्ड, एक छोटा पंखा आणि एक दिवा लटकवा. हार्ड डिस्कच्या मोटरला सुरवातीच्या झटक्याला जास्त करंट लागतो, तो मिळाला नाही की ती टिक टिक करते, विंडोज टिंग-टोंग करतं, डिस्क दिसते, जाते, परत दिसते, परत जाते. डिस्क थेट सीपीयूच्या मागच्या पोर्टात लावली तर कदाचित गुपचूप चालेलही, म्हणून ते करू नका. सरळ 'डिस्क फॉरमॅट करायची का' ह्या प्रश्नाला हो म्हणा. बॅकअप तिच्यावरच होता ना? उत्तम.

वायर म्हणजे वायर, तिच्यात काय फरक असायचाय. यूएसबी २ च्या वायरीत आत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या, आणि काही स्वस्त चार्जिंगच्या वायरीत डेटाच्या दोन घातलेल्याच नसतात. फोन चार्ज होतोय म्हणजे वायर चांगली आहे, असं म्हणून त्याच वायरीने फोन कॉम्प्युटरला लावा आणि फोटो दिसत नाहीत म्हणून फोन रिसेट करा. टाइप-सीने तर ह्या शास्त्राला सोन्याचे दिवस आणले. दिसायला सगळ्या वायरी सेम, पण फोनबरोबर आलेली बऱ्याचदा सेकंदाला ४८० मेगाबिटवालीच असते, तुम्ही तिने पाच गिगाबिटची एसएसडी (मोटर नसलेली वेगवान डिस्क) जोडा आणि कॉपी व्हायला तासभर लागतो म्हणून एसएसडीला शिव्या घाला. वर नावांचा गोंधळ घालायला खुद्द यूएसबीवाले आपल्या मदतीला आहेतच, २००८ मधे जे यूएसबी ३.० होतं त्याला २०१३ मधे ३.१ जेन १ म्हणायला लागले आणि २०१७ मधे ३.२ जेन १, स्पीड तिन्ही वेळा तोच. पाकिटावर ३.२ वाचून खूश होणाऱ्या माणसाला हे सांगू नये, त्याचा आनंद कशाला घालवा.

आणि हो, वायरलेस माउसचा तो नखाएवढा डोंगल यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला अगदी खेटून लावा. यूएसबी ३ जोरात चाललं की २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ लहरींचा गोंगाट करतं, इंटेलनेच २०१२ मधे ह्यावर पेपर काढलाय, आणि तुमचा माउस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. म्हणजे कॉपी चालू असली की माउस अडखळणार आणि कॉपी संपली की शहाण्यासारखा वागणार. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टात घातला किंवा छोट्या एक्स्टेंशन वायरने पुढे आणला की भानगड मिटते, पण तुम्ही सेल बदला. परत बदला. मग माउस बदला.

प्रिंटर. खरं तर प्रिंटरच्या बाबतीत तुम्हाला सल्ल्याची गरज नाही, तो स्वतःच समर्थ आहे, पण थोडी साथ तर दिली पाहिजे ना. प्रिंट आली नाही की परत प्रिंट दाबा, आली नाही, परत दाबा, मग फाइलचं नाव बदलून दाबा. आधीचा एक जॉब रांगेत अडकलाय आणि बाकीचे त्याच्यामागे मुकाट्याने उभे आहेत, रांग रिकामी करून ती सांभाळणारी विंडोजची प्रिंट स्पूलर सर्व्हिस रिस्टार्ट केली की झालं, हे मनातून काढून टाका. जेव्हा कधी ती रांग सुटेल तेव्हा त्याच फॉर्मच्या अकरा प्रती बाहेर पडतील, नेमक्या तुम्ही कागद संपत आलाय असं म्हणत असताना.

'ऑफलाइन' दिसलं की तर मजाच. राउटर बंद-चालू झाला आणि त्याने प्रिंटरला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा नंबर) दिला, कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारतोय, एवढीच भानगड बऱ्याचदा असते. राउटरमधे पत्ता कायमचा बांधून टाकता येतो पण तो मार्ग आपला नव्हे. तुम्ही प्रिंटर न काढता परत अॅड करा, म्हणजे यादीत त्याच नावाचा 'कॉपी १' येईल, पुढच्या वेळी 'कॉपी २', आणि विंडोजला 'डीफॉल्ट प्रिंटर तूच ठरव' असं सांगून ठेवलं असेल तर तुम्ही शेवटी जो वापरला तोच ते धरून बसेल, तो जिवंत आहे का मेलेला हे न बघता. नवीन प्रिंटर वायफायला लागतच नसेल तर आधी पासवर्ड जोरात टाइप करा. बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच पकडतात आणि तुम्ही त्याला ५ वाल्या नेटवर्कचं नाव शोधायला लावलंय, ही गोष्ट पासवर्ड चौथ्यांदा टाकल्यावरही आठवली नाही पाहिजे. रंग फिके आले तर हेड क्लीनिंग चालवा, आणि चालवतच राहा, कारण प्रत्येक क्लीनिंगला शाई लागते आणि ती संपली की रंग फिका का येत होता हा प्रश्नच निकाली निघतो.

बाकी किरकोळ. कॉम्प्युटरचं घड्याळ रोज जुनी तारीख दाखवतंय आणि साइट उघडत नाहीत, तर इंटरनेटवाल्याशी भांडा, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय आणि चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र, मानत नाहीये ह्याच्याशी तुमचं काय देणंघेणं. चालू करताना बीप बीप वाजलं तर स्पीकरला कापूस लावा, रॅम काढून परत खटकन बसवू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिस्टार्ट कधीच करायचं नाही, शटडाउनच करायचं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, बऱ्याच कॉम्प्युटरवर ती आपोआप चालू असते. तिच्यामुळे शटडाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत तसे डिस्कवर झोपवून ठेवतात, दुसऱ्या दिवशी तेच उठतात, आदल्या दिवशीचा रुसवा धरून. रिस्टार्टमधे मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं. टास्क मॅनेजरमधे अप टाइम, म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे ते, बघा, रोज रात्री बंद करूनसुद्धा तिथे दिवसच्या दिवस मोजलेले दिसतात. नाही, नका बघू.

एवढं सगळं करूनही कधीतरी, तुमचा काही इलाज न चालता, ते आपोआप चालू होईल. तेव्हा कशामुळे चालू झालं ते शोधत बसू नका, खुर्चीवरून उठा. घरात कोणी विचारलं काय झालं होतं, तर चेहरा गंभीर करून म्हणायचं, "ड्रायव्हरचा इश्यू होता." ह्याच्यावर पुढचा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही.