ताटात उरलेल्या चकत्यांची बाजू

हॉटेलात जेवून उठलेल्या कुठल्याही टेबलावर नजर टाका. पापडाचा कण उरलेला नसतो, कांदा दुसऱ्यांदा मागवून झालेला असतो, लिंबाचा चोथा झालेला असतो. उरतात त्या टोमॅटोच्या चकत्या, कडेला सरकवलेल्या, पाणी सुटलेल्या.

आणि घरोघरी एक तरी माणूस असतोच, जो टोमॅटोचं सार वाट्या वाट्या पितो, भाजीत घातलेला खातो, सॉस तर कशावरही ओततो, पण कोशिंबिरीतला टोमॅटो दिसला की बोटाने बाजूला काढतो. त्याला आपण नखरेल म्हणतो, "लहानपणी लाड झाले" म्हणतो. मला वाटतं, त्याची जीभ आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. आपण सवयीने गिळतो, तो चव घेऊन नाकारतो.

यात थोडे लोक असे असतात ज्यांना कितीही चांगला टोमॅटो दिला तरी नको असतो. त्यांचं भांडण चवीशी नसून लिबलिबीतपणाशी असतं. वरून चिवट साल, मग गर, आणि मध्येच तो बियांचा बुळबुळीत रस. एकाच घासात तीन तऱ्हा. काहींना तर कच्चा टोमॅटो खाल्ला की ओठ-जिभेला खाज सुटते, शिजवलेला मात्र चालतो. ती ॲलर्जी असते, नखरा नव्हे. त्यांना कृपा करून "एकदा खाऊन तर बघ" म्हणू नका. माझं म्हणणं आहे ते उरलेल्या बहुसंख्यांबद्दल, ज्यांना टोमॅटो आवडत नाही असं वाटतं, कारण त्यांना बरा टोमॅटो क्वचितच मिळालेला असतो.

जुन्नर तालुक्यात आमचे पाहुणे टोमॅटो करतात. तिथला तोडा एकदा जवळून बघण्यासारखा असतो. बांबू आणि तारेवर सुतळीने बांधलेली झाडं, सरीतून वाकून चालणाऱ्या बाया, आणि बांधावर कॅरेटांची थप्पी. लांबचा माल असेल तर लाल फळाला हातच लावत नाहीत. बुडाशी जेमतेम गुलाबी-पिवळसर झाक आलेलं, बाकी हिरवट-पांढुरकं, दाबलं तर अजिबात न दबणारं, असं फळ तोडायचं. पूर्ण लाल झालेलं फळ दिसलं की वहिनी म्हणतात, "हे आपल्याला घरी." मला यात सगळी गोष्ट आली असं वाटतं. झाडावर पिकलेला टोमॅटो बाजारात जायच्या लायकीचा उरत नाही, म्हणून तो घरी. तुमच्या-माझ्याकडे येतो तो दुसरा.

तो दुसरा नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या कॅरेटमध्ये बसतो, तिथून ट्रकने हजार-बाराशे किलोमीटरपलीकडेसुद्धा जातो, आणि वाटेत लाल होतो. रंग येतो, फळ मऊही पडतं. पण झाडापासून तुटल्यावर पानांत तयार होणारी साखर त्याला मिळायची बंद होते, ती काही ट्रकमध्ये तयार होत नाही. कापल्यावर मधे जो पांढरा कडक दांडा आणि फिकट गर दिसतो, त्यात या घाईचाही वाटा असू शकतो.

पण नुसती घाई म्हणून सोडून देता येणार नाही. वाणच तसे निवडलेले आहेत. व्यापारी कॅरेट बघतो तेव्हा काय बघतो? एकसारखा आकार, एकसारखा रंग, कडकपणा, डाग नाही, तडा नाही. चाखून बघणारा व्यापारी मला तरी दिसलेला नाही. मग बियाणं तयार करणारे तरी चव कशाला सांभाळतील? रोगाला टिकणारं, भरपूर लागणारं, जाड सालीचं, आठवडा-दोन आठवडे न सडणारं फळ, हीच मागणी. बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने काढलेल्या अर्का रक्षक या वाणाची ख्याती बघा: तीन रोगांना प्रतिकार आणि लांब वाहतुकीत टिकणं. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सोनंच आहे, मी नावं ठेवत नाही. करप्याने प्लॉट बसला तर चव घेऊन काय करायचंय त्याने?

जगभर हेच झालंय. २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की देठाजवळचे गडद हिरवे खांदे नकोत, सगळं फळ एकसारखं पिकावं, म्हणून जो गुण कित्येक दशकं निवडला गेला, त्यात एक जनुकच निकामी झालेलं होतं. ते हिरवे खांदे काही डाग नव्हते. फळाला स्वतःची थोडी साखर तिथे तयार करता येत होती. आपण दिसण्यापायी गोडवा कापून टाकला. मग २०१७ साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या हॅरी क्ली यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे चारशे वाणं तपासली, तर चवीला महत्त्वाची अशी तेरा सुगंधी द्रव्यं आधुनिक वाणांत जुन्यांपेक्षा बरीच कमी निघाली. फळ मोठं करत गेलो तशी साखर पातळ होत गेली, हेही त्यातच आलं.

आता त्या बुळबुळीत रसाकडे परत येऊ, कारण तिथे गंमत आहे. टोमॅटोला जी भरदार चव असते, जिच्यामुळे सार चाटून प्यावंसं वाटतं, ती देणारं ग्लुटामेट नावाचं द्रव्य गरापेक्षा या बियांच्या रसात जास्त असतं. आंबटपणाही तिथेच जास्त. आणि वाहतुकीसाठी आपण निवडलं काय? जाड गराचं, कमी रसाचं, लांबुळकं फळ. वर पुष्कळ पाककृतींत "बिया काढून घ्या" असं लिहितात. म्हणजे उरलीसुरली चव मोरीत.

कच्च्या टोमॅटोला एक हिरवट वास असतो. चावताना पेशी फुटल्या की तो तयार होतो, ताज्या कापलेल्या गवताच्या वासाचंच ते द्रव्य. चांगल्या फळात गोडवा, आंबटपणा आणि बाकीचे सुगंध इतके असतात की हा वास ताजेपणा म्हणून लागतो. फिक्या फळात तोच एकटा पुढे येतो. शिजवलं की तो उडून जातो, पाणी आटतं, उरलेला आंबट-गोडपणा दाट होतो. म्हणून सार आवडणाऱ्याला चकती आवडत नाही, यात विसंगती काहीच नाही.

मॅकडोनाल्ड्सने जुलै २०२३ मध्ये, टोमॅटो शंभर-दीडशेच्या वर गेला तेव्हा, उत्तर आणि पूर्व भारतातल्या दुकानांत बर्गरमधून टोमॅटो काढून टाकला होता. बातमी मोठी झाली. त्या चकतीची खरी उणीव किती जणांच्या जिभेला भासली असेल, मला शंका आहे. त्याच पावसाळ्यात कॅरेटला दोन-दोन हजार बघितलेल्या शेतकऱ्याला पुढे दोन महिन्यांत तोडणीची मजुरी सुटेना, ही बातमी मात्र आतल्या पानावर गेली. अशा बाजारात "चवीचं वाण लावा हो" असं शेतकऱ्याला सांगायला जीभ रेटत नाही. वजनावर पैसे मिळतात, आणि पाणी वजनदार असतं. चवीचे दोन रुपये जास्त द्यायला आपण तयार आहोत का, हे आधी ठरवा.

"हायब्रीड आलं आणि चव गेली" हे वाक्यही मला पटत नाही. मॉलमधले गोड चेरी टोमॅटो हायब्रीडच असतात. आणि मंडईत "गावठी आहे ताई" म्हणून दिलेलं प्रत्येक चपटं फळ गावठी नसतं. वेडंवाकडं, खाचांचं, देठाशी हिरवट-पिवळं, पिशवीत घरी येईपर्यंत एखादं फुटलेलं असं असेल तर घ्या. ते आंबट असेल, पण वास येईल. चाकू लावल्या लावल्या वास आला नाही तर ते फळ फोडणीला.

आणि फ्रीज! पाच-सहा अंशांत आठवडाभर ठेवलं की सुगंध तयार करणारी जनुकं थंड पडतात, बाहेर काढून ठेवलं तरी ती पुरती परत जागी होत नाहीत. साखर-आंबटपणा तसाच राहतो, वास जातो, आणि चवीत मोठा वाटा तर वासाचाच. कडक फळं टोपलीत, दोन-चार दिवस ओट्यावर राहू द्यात. अगदी मऊ पडायला लागली तरच आत टाका.

कोशिंबीर करताना चिरून आधी मीठ लावा, दहा मिनिटं थांबा, सुटलेलं पाणी फेकू नका, त्यातच दाण्याचं कूट आणि चिमूटभर साखर, वरून हिंग-मोहरी-हिरव्या मिरचीची फोडणी. एवढं करूनही घरातल्या त्या माणसाने टोमॅटो बाजूला काढलाच, तर त्याला सार वाढा आणि त्याच्या ताटातलं तुम्ही खाऊन टाका.