‘खऱ्या कुस्ती’ची थाप

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर अधूनमधून डोकं वर काढतो. पाठवणारा बदलतो, मजकूर शब्दाशब्दाला तोच. त्याचा गाभा असा: एनडब्ल्यूए, म्हणजे नॅशनल रेसलिंग अलायन्स या जुन्या अमेरिकी संस्थेने 2019मध्ये ‘पॉवर’ नावाचा जुन्या वळणाचा शो काढला. त्यात नाटक नाही, बडबड नाही, निकाल आधी ठरलेले नसायचे त्या काळातली अस्सल कुस्ती आहे, म्हणून चाहत्यांनी तो डोक्यावर घेतला. आपल्या दारासिंगांनी मुंबईत याच संस्थेच्या वर्ल्ड चॅम्पियनला लोळवून पट्टा घेतला होता. आजच्या पोरांना मात्र झगमगाट लागतो, त्यांना हे पचलं नाही आणि शो बंद पडला. खाली हात जोडलेले, त्याखाली भारताचा झेंडा.

मला हा शो मनापासून आवडतो. (इंग्रजीत त्याच्या नावाच्या शेवटी तीन ‘आर’ आहेत, ही हौस मालकांची.) म्हणूनच त्याची भलत्याच कारणासाठी आरती ओवाळलेली बघवत नाही. मजकुरातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकलंय, आणि सगळ्यात मोठी चूक पहिल्याच वाक्यात आहे.

‘त्या काळी निकाल ठरलेले नसायचे.’

एनडब्ल्यूए ही मुळात पैलवानांची संघटनाच नव्हे. ती कुस्त्या भरवणाऱ्या धंदेवाल्यांची. 1948मध्ये आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावात ही मंडळी जमली आणि त्यांनी आपसात इलाखे वाटून घेतले. दुसऱ्याच्या हद्दीत कुणी शिरायचं नाही, आणि सगळ्यांनी मिळून एकच वर्ल्ड चॅम्पियन मानायचा, जो गावोगाव फिरून प्रत्येकाचा गल्ला भरून देईल. तो चॅम्पियन कोण, हे रिंगणात कमी आणि बैठकीत जास्त ठरायचं. 1949मध्ये त्यांचा चॅम्पियन ऑर्व्हिल ब्राऊन मोटार अपघातात जायबंदी झाला, तेव्हा पट्टा सरळ लू थेझच्या हवाली केला गेला. पुढे 1957मध्ये थेझलाच पट्टा उतरवून ठेवायचा होता, तर कुणाकडून हरायचं ते त्याने स्वतः निवडलं. डिक हटन हा चांगला कुस्तीगीर आहे, त्याच्याकडून हरीन, म्हणाला, आणि हरला. मधल्या काळात, 1956मध्ये, अमेरिकेच्या न्यायखात्याने या संघटनेला मक्तेदारीविरोधी कायद्याखाली धरलं, तेही इलाखे वाटून घेतल्याबद्दल. सरकारच्या लेखी हा उघड उघड धंदा होता.

आणि ही सुरुवातसुद्धा नव्हे. 1920च्या दशकातच पैलवान ‘स्ट्रँगलर’ लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँट या त्रिकुटाने ओळखलं होतं की तासन्‌तास जमिनीला चिकटून चाललेली कुस्ती तिकीट काढून बघायला लोक येत नाहीत. त्यांनी वेळेची मर्यादा घातली, आपटाआपटी वाढवली, ठरलेला संच घेऊन गावं पालथी घातली. म्हणजे ज्या ‘अस्सल’ काळाच्या नावाने उसासे टाकले जातात, त्याच्याही आधीपासून हा खेळ ठरवून चाललाय. 1989मध्ये तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) न्यू जर्सीच्या सिनेटपुढे हे खेळ नसून मनोरंजन असल्याचं कबूल केलं, ते क्रीडा आयोगाच्या देखरेखीतून आणि खर्चातून सुटण्यासाठी. त्या दिवशी गुपित फुटलं नाही. सरकारदरबारी नोंद झाली, एवढंच.

तरी इथे एक खरी गोष्ट आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने नेमकी तीच सोडून दिलीय. थेझ खरोखरच भयंकर कुस्तीगीर होता. अमक्याने हरायचं हे ठरलेलं असलं तरी आयत्या वेळी परक्या गावात, परक्या पंचासमोर, समोरच्याने शब्द फिरवला तर? खांदे जमिनीला टेकवून पट्टा घेऊन तो चालता झाला, तर सगळ्या इलाख्यांचं गणित कोसळलं. म्हणून चॅम्पियन असा माणूस लागायचा, की ज्याच्याशी दगाफटका करायची कुणाची टाप नाही. केलाच तर हात मुरगळून जाग्यावर आणील. लोकांना दाखवायला नाटक, आणि ते नाटक मोडू नये म्हणून पोटात खरी कुस्ती. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती ही, आणि ‘तेव्हा सगळं खरं होतं’ म्हटलं की नेमकी तीच दिसेनाशी होते.

आता दुसरं वाक्य. ‘नाटक नाही, बडबड नाही, म्हणून चाहते खूश.’

शो बघितलाय का, असं विचारावंसं वाटतं. अटलांटातला एक छोटा टीव्ही स्टुडिओ, मधे रिंग, तिन्ही बाजूंना हातभर अंतरावर बाकड्यांवर बसलेले प्रेक्षक. आतषबाजी नाही, आकाशाएवढा पडदा नाही. छातीवर उघड्या हाताचा फटका बसला की त्याचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो. आणि रिंगच्या जरा बाजूला एक साधा पोडियम. शोचा अर्धा जीव त्या पोडियममध्ये आहे. पैलवान येतो, मुलाखत घेणारा एक प्रश्न विचारतो, आणि पुढची दोन-चार मिनिटं नुसतं बोलणं. पाठीमागची माणसं ओरडतात, तो वळून त्यांना उत्तर देतो, पुन्हा कॅमेऱ्याकडे बघतो. मजकूर ज्याला बडबड म्हणतो ती हीच, आणि चाहत्यांनी पहिल्या दिवसापासून तिचंच कौतुक केलं.

8 ऑक्टोबर 2019च्या पहिल्या भागातली मुख्य कुस्ती घ्या. चॅम्पियन निक आल्डिस, सुटाबुटातला गर्विष्ठ इंग्रज. समोर टिम स्टॉर्म, पन्नाशी ओलांडलेला माजी चॅम्पियन, पेशाने शाळामास्तर. अट अशी की स्टॉर्म हरला तर पट्ट्यासाठी पुन्हा कधी उभं राहायचं नाही. स्टॉर्म स्वतःच्या आईबद्दल बोलायचा, आणि प्रेक्षक त्या माउलीच्या नावाचा घोष करायचे. कुस्ती झाली, स्टॉर्म हरला. त्यातले डाव आज कुणाला विचाराल तर फारसे आठवणार नाहीत. मास्तर, त्याचं वय, त्याची आई, आणि हा शेवटचा मोका एवढं मात्र पक्कं आठवतं. हे नाटक नाही तर काय आहे?

मजकूरवाल्यांना आणखी जड जाईल असं नाव म्हणजे ‘क्वेश्चन मार्क’. तोंडावर प्रश्नचिन्हाचा मुखवटा, अंगात कराटेचा पोशाख, सुटलेलं पोट, आणि मायभूमी मंग्रोव्हिया, जी कुठल्याही नकाशात सापडत नाही. एक फटका मारला की समोरचा आडवा. जोडीला एरन स्टीव्हन्स, भारावलेला नट असल्यागत बोलणारा. खरीखुरी कुस्ती बघायला आलेल्या माणसाने उठून जायला हवं होतं. झालं उलटंच: स्टुडिओतली माणसं त्याच्यासाठी अशी वेडी झाली की पट्टेवाल्या पैलवानांना हेवा वाटावा. मधेच खोट्या जाहिराती लागायच्या. एक होती वॉफल आणि टायर उचकटायच्या पहारी एकाच दुकानात विकणाऱ्या गृहस्थाची.

लालबाग-परळला दशावतार बघितलेल्यांना यात नवल वाटणार नाही. संकासुर येतो, मालवणीत टपल्या मारतो, त्याचं काय होणार हे पोरासोरांना ठाऊक असतं, आणि तरी मारामारीला पेटी-मृदंग सुरू झाला की मागच्या रांगेतले चाकरमानी खुर्चीवर उभे राहतात. राक्षस खरा आहे का, ही शंका तिथे कुणी काढत नाही. पण नट मनापासून खेळत नसेल तर पहिल्या पाच मिनिटांत हूटिंग होतं. ‘पॉवर’वर चाहते फिदा झाले ते याच हिशेबाने. गेली कित्येक वर्षं मोठ्या कंपन्यांचे पैलवान स्वतःच प्रेक्षकांना डोळा मारत होते, की आपल्याला सगळं माहीत आहे ना, मग कशाला मनावर घ्यायचं. या शोने डोळा मारणं बंद केलं. मुखवटेवाला कराटेपटूसुद्धा मंग्रोव्हियाचा अभिमान गंभीरपणे सांगत होता. खोटं मन लावून खेळलं गेलं. चाहत्यांना हवं होतं ते एवढंच.

आता दारासिंग. इथे जरा जपून बोलावं लागतं, कारण आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये त्यांना किंग काँगशी लढताना पाहिलंय आणि ते अजून त्या धक्क्यातून बाहेर आलेले नाहीत. “अरे, दोनशे किलोचा माणूस डोक्यावर घेऊन फिरवला रे त्यांनी! हे काय खोटं?”

“उचलला ते खरं, काका. पण तुम्ही सांगता तो पट्टा त्यांना मिळालाच नव्हता.”

“कोण म्हणतं?”

तारखा म्हणतात. दारासिंगांनी लू थेझला मुंबईत हरवलं ते 1968च्या मे महिन्यात. थेझ तेव्हा 52 वर्षांचा होता आणि एनडब्ल्यूएचा चॅम्पियन नव्हता. 7 जानेवारी 1966ला सेंट लुईसमध्ये त्याने पट्टा जीन किनिस्कीला दिला होता, आणि किनिस्कीकडे तो फेब्रुवारी 1969पर्यंत राहिला. म्हणजे मुंबईतल्या त्या रात्री हा पट्टा हजारो मैल दूर दुसऱ्याच माणसाच्या कमरेला होता. दारासिंग ‘वर्ल्ड चॅम्पियन’ म्हणून गाजले ते बरोबरच, पण त्या काळात वर्ल्ड चॅम्पियनशिपा चिकार होत्या. कुस्त्या भरवणाऱ्या प्रत्येकाला एक लागायची.

काकांना हे रुचलं नाही, आणि त्यांचं दुःख मला कळतं. पण यात दारासिंगांचं काही कमी होत नाही. आखाड्यात घासून तयार झालेलं शरीर, आणि दोनशे किलोंचा माणूस उचलून, फिरवून, न मोडता खाली ठेवायची अक्कल हे सगळं अस्सलच होतं. किंग काँग, म्हणजे एमिल झाया, हाही मुरलेला गडी. त्याने स्वतःचं वजन कसं हलकं केलं असेल याचाही कधीतरी विचार करावा. वरळीत हजारोंनी जी ‘फ्री स्टाईल’ पैसे मोजून बघितली, ती दोघांच्या संगनमताची कलाकुसर होती, आणि मुंबईने तिला भरभरून दाद दिली.

बाय द वे, आपला आणि या शोचा खराखुरा धागा हवा असेल तर तो वरळीत नाही, पुण्यात आहे. 2012मध्ये कलर्सवर ‘रिंग का किंग’ नावाचा शो लागायचा, त्याचं चित्रीकरण बालेवाडीला झालं होतं. त्यात ब्रूटस मॅग्नस नावाचा एक उंच इंग्रज होता. तोच पुढे निक आल्डिस म्हणून एनडब्ल्यूएचा चॅम्पियन झाला. हे फॉरवर्ड करायला हरकत नाही.

‘जुनं ते सगळं चांगलं’ हा सूर मजकुरात आडून येतो, त्याला एकच प्रसंग पुरे. शोमध्ये समालोचनाला जिम कॉर्नेट होता, जुन्या कुस्तीचा चालताबोलता ज्ञानकोश. नोव्हेंबर 2019मध्ये त्याने इथिओपियातल्या उपासमारीवरचा आपला जुनाच विनोद पुन्हा ऐकवला. चाहते संतापले, भाग उतरवावा लागला, कॉर्नेट बाहेर पडला. पोडियम, छोटा स्टुडिओ, आईच्या गोष्टी लोकांनी आनंदाने परत घेतल्या. तो विनोद घेतला नाही. जुन्यातलं काय ठेवायचं हे चाहते स्वतः ठरवत होते.

उरली पोरं. झगमगाटाशिवाय पोरांना काही रुचत नाही, म्हणे. माझ्या पिढीने कुस्ती शिकली ती केबलवर आणि चाळीच्या जिन्यात ट्रम्प कार्डांवर, रँक, उंची, छाती, बायसेप्स ओरडत. अंडरटेकर सात वेळा मरून आलाय यावर आमचा विश्वास होता, तेव्हा अस्सल-नकलीचे धडे आम्ही कुणाला न दिलेले बरे. ‘पॉवर’ सुरू झाला तो यूट्यूबवर, फुकट, मंगळवारी संध्याकाळी तिकडच्या 6:05ला, कारण अटलांटाची जुनी शनिवारची कुस्ती 6:05ला लागायची. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे 3:35. मग सकाळच्या लोकलमध्ये फोनवर बघायचा, तासाभराचा भाग, डोंबिवलीहून सीएसएमटीला पोचेपर्यंत जवळपास संपायचा. माझ्या शेजारी कानात इअरफोन घालून डोकावणारी कॉलेजची पोरंच असायची. 2020मध्ये त्यांनी टीव्ही चॅम्पियनशिप आणली, कुस्तीची मुदत 6 मिनिटं 5 सेकंद. घड्याळ संपायच्या आत निकाल लागतो का, हा ताण समजायला कुणाला 1970चं साल आठवावं लागत नाही.

आणि शो बंद पाडला तो कुणी? मार्च 2020मध्ये कोरोनाने. स्टुडिओत प्रेक्षक बसवता येईनात, चित्रीकरण थांबलं. मार्च 2021मध्ये शो परत आला तेव्हा तो फाइट नावाच्या सेवेवर, पैसे भरून. फुकटात लोकलमध्ये बघणारा प्रेक्षक तिथे गळाला, यात त्याच्या रुचीचा काय दोष? कायमचा तर तो बंद पडलाच नाही. 2024मध्ये अमेरिकेतल्या सीडब्ल्यू वाहिनीच्या अॅपवर गेला. ‘बंद पडला’ असं लिहिणाऱ्याने बघणं बंद केलं असावं.