९० दिवसांत स्मरणशक्ती परत? ब्लूबेरीच्या मेसेजमधला एकेक दावा तपासून

घरोघरच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: रोज मूठभर ब्लूबेरी खा, ९० दिवसांत विसरभोळेपणा जातो, मेंदू अडीच वर्षांनी तरुण होतो, अल्झायमर जवळ फिरकत नाही. हे हार्वर्डने सिद्ध केलंय, ब्लूबेरीतले अँटिऑक्सिडंट थेट मेंदूत जातात, आणि ताजं फळ परवडत नसेल तर कॅप्सूल घ्या, नाहीतर जांभूळ खा.

मेसेज पटतो, कारण त्यातले आकडे हवेतले नाहीत. ९० दिवस एका प्रयोगातले आहेत, अडीच वर्षं दुसऱ्याच एका पाहणीतली. दोन्ही एकाच माळेत ओवल्यामुळे जे कुणीच म्हटलेलं नाही ते सिद्ध झाल्यासारखं दिसतं. म्हणून एकेक मणी सुटा करून बघू.

‘९० दिवसांत विसरभोळेपणा जातो’

हा आकडा बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा. त्यात ६० ते ७५ वयाची ३७ माणसं होती आणि सगळी निरोगी होती. विसरभोळेपणाचं निदान झालेले रुग्ण त्यात नव्हतेच. निम्म्यांना रोज २४ ग्रॅम ब्लूबेरीची पावडर मिळाली, निम्म्यांना तशीच दिसणारी दुसरी. ही पावडर फळ गोठवून त्यातलं पाणी काढून बनवतात, आणि २४ ग्रॅम म्हणजे साधारण एक कप, दीडशे ग्रॅम ताजं फळ.

९० दिवसांनी बऱ्याच चाचण्या झाल्या. फरक दिसला तो मुख्यतः दोन ठिकाणी. पहिली चाचणी शब्दांच्या यादीची: १६ शब्द ऐकवतात आणि आठवतील तेवढे सांगायला लावतात. समजा एखाद्याने ‘टेबल, गाजर, बस, टेबल’ असं म्हटलं, तर दुसऱ्यांदा आलेलं ‘टेबल’ ही पुनरुक्तीची चूक. ब्लूबेरीच्या गटात ही चूक कमी झाली. ‘कमी वेळा तोच शब्द पुन्हा म्हटला’ आणि ‘जास्त शब्द आठवले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मेसेजने त्या एक करून टाकल्या. दुसरी चाचणी एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळताना मन किती अडखळतं याची. तिथेही थोडी सुधारणा होती. चाल आणि तोल यांत मात्र काहीच फरक पडला नाही.

चाल आणि तोल मुद्दाम तपासले होते, आणि त्यामागे कारण होतं. ब्लूबेरीचा सगळा बोलबाला सुरू झाला १९९९ साली, त्याच संस्थेतल्या जेम्स जोसेफ आणि बार्बरा शुकिट-हेल यांच्या प्रयोगापासून. त्यांनी १९ महिन्यांच्या म्हाताऱ्या उंदरांना आठ आठवडे ब्लूबेरीचा अर्क मिसळलेलं खाणं दिलं. ते उंदीर फिरत्या दांड्यावर जास्त वेळ टिकले आणि पाण्याच्या हौदातला लपलेला चौथराही त्यांना लवकर सापडू लागला. तोल सुधारल्याचा निष्कर्ष तेव्हा सगळ्यात ठळक होता, आणि माणसांत नेमका तोच उतरला नाही. उंदरांवरून माणसांबद्दल थेट बोलू नये ते यासाठीच.

‘मेंदू अडीच वर्षांनी तरुण होतो, हार्वर्डने सिद्ध केलं’

२०१२ सालची ही पाहणी अमेरिकन नर्सेसच्या दीर्घ अभ्यासातली आहे. सत्तरी ओलांडलेल्या १६,०१० स्त्रियांची विचारक्षमता दर दोन वर्षांनी फोनवरून तपासली होती, आणि त्या काय खातात याच्या प्रश्नावल्या १९८० पासून भरून घेतल्या जात होत्या. ज्या जास्त ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी खात, त्यांच्या विचारक्षमतेची घसरण जरा हळू होती. हा फरक ‘वय किती कमी असतं तर एवढा पडला असता’ या मापात मांडला, तेव्हा तो जास्तीत जास्त अडीच वर्षांचा निघाला. कुणाचाही मेंदू तरुण झाला नाही. सगळ्यांची घसरण चालूच होती, वेग कमीजास्त होता.

‘जास्त खाणाऱ्या’ म्हणजे ब्लूबेरीच्या बाबतीत आठवड्यातून एकदा किंवा अधिक. ‘रोज मूठभर’ या पाहणीत कुठेही नाही.

आणि ही पाहणी होती. कुणी काय खावं हे संशोधकांनी ठरवून दिलेलं नव्हतं. नियमित बेरी खाणारी बाई व्यायाम, शिक्षण, उत्पन्न अशा इतर बाबतींतही वेगळी असू शकते. संशोधकांनी या गोष्टी हिशोबात धरल्या, पण सगळ्या धरता येत नाहीत. त्यामुळे इथे ‘संबंध दिसला’ एवढंच म्हणता येतं. ‘सिद्ध’ हा शब्द त्यांचा नाही.

‘अल्झायमर जवळ फिरकत नाही’

या दाव्याला काहीही आधार नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. ब्लूबेरीचे माणसांवरचे प्रयोग बहुतेक १२ आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंतचे आहेत. अल्झायमरचे बदल मेंदूत लक्षणं दिसण्याच्या कित्येक वर्षं आधी सुरू होतात. तीन महिन्यांत डिमेन्शिया (अल्झायमरसारख्या आजारांतला स्मृतिभ्रंश) टळला की नाही, हे मोजताच येत नाही.

लांब पल्ल्याची जवळची परीक्षा म्हणजे मेंदूसाठी बेतलेल्या ‘माइंड’ आहाराची. या आहारात फळांपैकी बेरीला खास जागा आहे, तीही आठवड्यातून दोनदा. २०१५ सालच्या निरीक्षणांवरून त्याबद्दल मोठ्या आशा होत्या. मग ६०४ ज्येष्ठांवर तीन वर्षं रीतसर प्रयोग झाला आणि २०२३ साली निकाल आला: तुलनेच्या गटापेक्षा विचारक्षमतेत ठोस फरक नाही. अख्ख्या आहारातून जे दिसलं नाही, ते त्यातल्या एका फळाच्या नावावर खपवता येत नाही.

‘अँटिऑक्सिडंट थेट मेंदूत’

ब्लूबेरीचा निळा-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, मेसेजमधलं ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणजे मुख्यतः हेच. बाजारात मिळणारी टपोरी ब्लूबेरी मधोमध चिरून पाहा: आत फिकट हिरवट-पांढुरका गर, रंग फक्त सालीत. हा रंग रक्तात जसाच्या तसा फार थोडा पोचतो. बराचसा मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू त्याचे तुकडे करतात आणि मग ते तुकडे रक्तात येतात. परीक्षानळीत अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणारे ‘ओरॅक’चे आकडे अजून पाकिटांवर दिसतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने ओरॅकचा तक्ता २०१२ सालीच संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि जाहिरातीत त्यांचा गैरवापर होत होता.

जास्त पटणारी शक्यता रक्तवाहिन्यांची आहे. २०२३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज आणि रेडिंग विद्यापीठाने ६५ ते ८० वयाच्या ६१ निरोगी लोकांवर प्रयोग केला: एका गटाला १२ आठवडे रोज २६ ग्रॅम रानटी ब्लूबेरीची पावडर दिली, दुसऱ्याला नकली. ब्लूबेरीच्या गटात वरचा रक्तदाब सरासरी ३.६ अंकांनी उतरला, रक्तवाहिन्या थोड्या लवचिक झाल्या, ऐकलेले शब्द लगेच आठवण्यात सुधारणा दिसली. हा चांगला प्रयोग आहे. पण मेंदूकडच्या रक्तप्रवाहात त्यांना बदल आढळला नाही, म्हणजे ‘रक्तपुरवठा वाढला म्हणून स्मरण सुधारलं’ ही साखळी मधेच तुटते. पैसा रानटी ब्लूबेरी उत्पादकांच्या संघटनेचा होता. तेवढ्याने निकाल खोटा ठरत नाही, तरी उत्पादकांशी संबंध नसलेल्या कुणीतरी तो पुन्हा करून दाखवायला हवा.

‘परवडत नसेल तर कॅप्सूल’

आधी ताज्या फळाचा हिशोब. रोज १५० ग्रॅम म्हणजे महिन्याला साडेचार किलो, म्हणजे १२५ ग्रॅमच्या ३६ डब्या. तुमच्या गावातल्या डबीच्या भावाने गुणा. मूठभर खाऊन प्रयोगातला डोस होत नाही.

कॅप्सूलचं गणित याहून वाईट. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये साधी पावडर असेल तर २४ ग्रॅमसाठी रोज ४८ कॅप्सूल लागतील. लहान डोसही तपासून झालाय: २०१८ सालीच १२२ ज्येष्ठांना गटागटांनी सहा महिने ५०० मिलिग्रॅम किंवा १ ग्रॅम पावडर, १०० मिलिग्रॅम शुद्ध केलेला अर्क, किंवा नकली पावडर दिली. पावडरीने स्मरणात फरक पडला नाही. अर्काने तिसऱ्या महिन्यात थोडा दिसला, सहाव्यात तोही नव्हता.

सुकी ब्लूबेरी घेताना मागचं लेबल वाचा. बहुतेक पाकिटांत साखर आणि तेल घातलेलं असतं, वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश साखर. मधुमेह असलेल्यांनी ती औषध समजून खाऊ नये. ब्लूबेरी क्रश म्हणजे सरबताचा पाक. बिनसाखरेची गोठवलेली फळं चालतात, वितळताना सुटलेला रस मात्र फेकू नका, रंग त्यात उतरलेला असतो. केकमध्ये घातली तर उष्णतेने अँथोसायनिन घटतात, आणि सोडा जास्त पडला तर फळाभोवती हिरवट कड दिसते. पदार्थ बिघडलेला नसतो, अल्कलीमुळे त्या रंगद्रव्याचं रूप बदललेलं असतं.

‘नाहीतर जांभूळ’

जांभळातही अँथोसायनिन आहेत, डेल्फिनिडिन आणि माल्व्हिडिन ही रंगद्रव्यं दोन्हींत सापडतात. पण वरचे प्रयोग जांभळावर झालेले नाहीत, त्यामुळे त्यांचे निष्कर्ष जांभळाला चिकटवता येत नाहीत. जूनमध्ये बहाडोलीची जांभळं मिळाली तर चवीसाठी जरूर खा.

घरातलं कुणी खरोखर विसरू लागलं असेल, तोच प्रश्न पुन्हा विचारत असेल, ओळखीच्या रस्त्यावर चुकत असेल, तर ९० दिवस फळाची वाट पाहू नका. डॉक्टरांकडे नेऊन बी-१२, थायरॉईड, साखर आणि रक्तदाब तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते आणि वेळेत उपचार मिळाले तर त्यातून आलेला विसर भरून निघू शकतो. सध्याच्या औषधांची पूर्ण यादी सोबत न्या, झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही विस्मरण होतं. कान तपासून घ्या: २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली, त्यांत ऐकू कमी येणं आणि वाढलेलं एलडीएल (‘वाईट’) कोलेस्टेरॉल यांचा वाटा सगळ्यात मोठा, प्रत्येकी सुमारे ७ टक्के धरला आहे. श्रवणयंत्र कपाटात पडून असेल, तर त्याची बॅटरी आजच बदला.