फाइल शाबूत आहे, उघडत मात्र नाही

गेला महिनाभर मी एक जुनं मॅन्युअल नव्याने उभं करतोय. साडेतीनशे पानांचं, एका मोठ्या यंत्राच्या देखभालीचं. यंत्र अजून ठणठणीत चालतं. मॅन्युअलची मूळ फाइलही कुणीतरी जपून ठेवली होती. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती केली ते बंद पडून जमाना झाला, आणि फाइलच्या आत मजकूर कसा साठवलाय हे बनवणाऱ्यांनी कधी जाहीर केलंच नाही. हातात उरलीय ती एक पीडीएफ.

त्यातून मजकूर उपसून घेता येईल असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. पण जुन्या पीडीएफमध्ये बहुतेकदा एवढंच लिहिलेलं असतं की हे अक्षर पानावर इथे ठेव, ते तिथे ठेव. तक्ता डोळ्यांना दिसतो, फाइलमध्ये तो नसतोच. टॉर्कचा, म्हणजे कोणता बोल्ट किती जोराने पिळायचा त्याचा, एक तक्ता कॉपी करून पाहिला, तर मध्येच आकडे एक ओळ खाली सरकलेले. म्हणजे एका बोल्टचा टॉर्क दुसऱ्याच बोल्टला. देखभालीच्या पुस्तकात असली चूक गेली तर माणसाच्या जिवाशी गाठ आहे. म्हणून एकेक आकडा डोळ्याने ताडून टाइप करतोय.

बरीच वर्षं हेच काम करत आल्यामुळे माझं एक ठाम मत झालंय. पब्लिशिंग सॉफ्टवेअर कितीही देखणी पानं काढो, तीस वर्षांनी त्यातला मजकूर अर्थासकट बाहेर काढता येतो का, हीच त्याची खरी परीक्षा.

गंमत म्हणजे सुरुवात अगदी नीट झाली होती. १९६४ मध्ये एमआयटीत जेरोम साल्टझर यांनी रनऑफ हा मजकूर मांडायचा प्रोग्रॅम लिहिला. साधा मजकूर, आणि टिंबाने सुरू होणाऱ्या ओळींत सूचना: इथे परिच्छेद, इथे जागा सोड. त्याचेच वंशज पुढे बेल लॅब्स या अमेरिकेतल्या संशोधनसंस्थेत आले. तिथे युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली घडवणाऱ्या मंडळींना नवा संगणक मिळाला तो पेटंट विभागाला मजकूर मांडून देण्याच्या बोलीवर, आणि तिथेच जो ओसाना यांनी ट्रॉफ घडवलं. युनिक्सची आणि लिनक्सची मदतपानं आजही त्याच टिंबांच्या भाषेत लिहिली जातात. ट्रॉफला पन्नासवर वर्षं झाली, फाइली उघडतात.

डोनाल्ड क्नूथ यांच्याबद्दल मात्र मला थोडं जास्त बोलू द्या. १९७७ मध्ये त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नव्या आवृत्तीची प्रुफं आली. आधीची आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली होती, ही फोटोटाइपसेटिंगची, म्हणजे अक्षरं फिल्मवर प्रकाशाने उमटवलेली. अक्षरं इतकी वाईट दिसत होती की हा गणितज्ञ माणूस स्वतःच टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर लिहायला बसला. थोड्या महिन्यांचं समजून हाती घेतलेलं काम साधारण दहा वर्षं चाललं. त्यातून टेक आलं. ओळ कुठे तोडायची हे बाकीची सॉफ्टवेअर एकेक ओळ भरत ठरवायची; टेक अख्खा परिच्छेद एकदम बघतं. प्रत्येक ओळ किती ताणली वा आवळली गेली त्याचा दंड मोजतं आणि सगळ्यात कमी दंडाची मांडणी निवडतं. पुढे १९९९ मध्ये अॅडोबीचं इनडिझाइन हे पान लावायचं सॉफ्टवेअर आलं, त्यातली परिच्छेद जुळवण्याची सोय याच विचारावर उभी आहे. पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते क्नूथ यांनी नंतर केलं ते. १९९० मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता टेकमध्ये नवीन काही घालायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. दुरुस्तीच्या प्रत्येक फेरीला आवृत्तीचा क्रमांक गणितातल्या पाय (π) या संख्येच्या एक घर जवळ जातो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. जुन्या फाइलीचं पान बदलता कामा नये याची एवढी काळजी घेणारा दुसरा माणूस या क्षेत्रात मला माहीत नाही.

मग १९८५ आलं. पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी अॅडोबीची भाषा पोस्टस्क्रिप्ट, इंचाला ३०० ठिपके छापणारा अॅपलचा प्रिंटर लेझररायटर आणि आल्डसचं पान लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर, तिघं एकत्र आले आणि टेबलावर बसून पान लावता यायला लागलं. डीटीपी, म्हणजे डेस्कटॉप पब्लिशिंग, हा शब्द तेव्हाचाच. दोन वर्षांनी त्याच धर्तीचं क्वार्कएक्सप्रेस आलं. ज्यांना छापखान्याचं दार कधी उघडलं नसतं अशा कितीतरी लोकांना यामुळे पुस्तक काढता आलं, आणि ते मला मनापासून मोलाचं वाटतं. पण फाइली बंद डब्यांसारख्या झाल्या त्या याच काळात. शीर्षक म्हणजे शीर्षक हे ज्ञान जाऊन 'ठळक, अठरा पॉइंट' एवढंच उरायला लागलं.

अपवाद होते. १९८६ मध्ये आलेलं फ्रेममेकर हे सॉफ्टवेअर मी आजही प्रेमाने आठवतो. हजार पानांचं पुस्तक, क्रॉस-रेफरन्स आपोआप जुळलेले, एकाच फाइलमधून यंत्राच्या दोन मॉडेलची दोन मॅन्युअल्स. आणि संपूर्ण दस्तऐवज साध्या वाचनीय मजकुरात उतरवणारी एमआयएफची सोय. ज्यांनी तेव्हा एमआयएफ प्रत काढून ठेवली त्यांच्यावर आज माझ्यासारखी वेळ येत नाही.

समांतर दुसरा रस्ता होता तो आयबीएमच्या जीएमएलचा, म्हणजे मजकुरात टॅग नावाच्या खुणा घालायच्या भाषेचा, १९६९ पासूनचा. गोष्ट कशी दिसते ते लिहू नका, ती काय आहे ते लिहा. त्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आयएसओचं आंतरराष्ट्रीय मानक आणि १९९८ मध्ये एक्सएमएल आलं. विमानांची मॅन्युअल्स याच वाटेने गेली, कारण विमान कित्येक दशकं उडतं आणि तेवढं कुठलंही सॉफ्टवेअर जगत नाही. टॅग लिहायचा कंटाळा येतो, लेखक वैतागतात, हे मला मान्य आहे, मीही वैतागलोय. चार पानी माहितीपत्रकासाठी मी कुणाला एक्सएमएल सुचवणार नाही. पण यंत्राबरोबर जगायचं पुस्तक असेल तर तो कंटाळा सोसायलाच हवा.

पीडीएफ दिसायला कायम तशीच राहते हे तिचं मोठेपण आहेच. पण डीटीपीच्या जमान्यातल्या टाइप १ या प्रकारच्या फॉन्टचा आधार अॅडोबीने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरमधून काढून घेतला, आणि अशा फॉन्टमध्ये लावलेल्या फाइली संपादनासाठी उघडल्या की फॉन्ट नसल्याचा इशारा येऊ लागला. याउलट १९९१ पासून चालणाऱ्या अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या खुल्या संग्रहाने निबंधांच्या टेकमधल्या मूळ फाइली जपल्या. म्हणून २०२३ च्या अखेरीस नवे निबंध थेट एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या भाषेत, देणं त्यांना शक्य झालं, आणि पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध वाचकांना समीकरणंसुद्धा ऐकता यायला लागली. मूळ मजकुरात समीकरण 'समीकरण' म्हणून लिहिलेलं होतं, म्हणून.

माझं मॅन्युअल आता साध्या एक्सएमएलमध्ये चढतंय. प्रत्येक टॉर्कच्या आकड्याला त्याच्या बोल्टचा क्रमांक टॅगनेच बांधलाय, म्हणजे ओळ सरकली तरी जोडी तुटणार नाही. काल टॉर्कच्या तक्त्यांची तिसरी तपासणी संपली. हायड्रॉलिक्सचे सोळा तक्ते बाकी आहेत, आज संध्याकाळी त्यातल्या पहिल्याला हात घालतोय.